तुमचा आकडा, माझा आकडा

मॅडम,

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात तुमची शोकसभा झाली तेव्हा मी दोनच वाक्यं बोलले. "मॅडमनी मला मोजायला शिकवलं. मी त्यांची आभारी आहे." आणि खाली बसले. माझ्याआधी सात जण बोलले होते. सातही जणांनी तुम्हाला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार सांगितला, कुणी सुरुवातीलाच, कुणी शेवटी. समोर लावलेला तुमचा मोठा फोटोही पुरस्कार घेतानाचाच होता. त्यात तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत नाही आहात, प्रेक्षकांत कुणाला तरी शोधताय. कुणाला ते मला माहीत आहे, कारण मी त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

तो माणूस, म्हणजे साळवेसर, शोकसभेतही होते. शेवटच्या रांगेत, दाराजवळ. त्यांना कुणी बोलायला बोलावलं नाही. वक्त्यांची यादी करणाऱ्यांना साळवे कोण हेच ठाऊक नव्हतं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहिशील का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाही म्हणणार होते. शाळा सगळी इंग्रजीतून झाली, मराठी घरात बोलण्यापुरती. पण जे मला सांगायचं आहे ते मी तुमच्याशी नेहमी मराठीतच बोलले असते. बोलले नाही, हा भाग वेगळा.

तुमच्या लॅबमध्ये आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मुलाखतीत माझ्या तोंडून धड चार वाक्यं निघाली नाहीत. मी जिने उतरायला लागले तर मागून तुमची हाक आली. "घरी मराठी बोलता का गं?" मी मान हलवली. "मग चहा घेऊन जा." चहाबरोबर तुम्ही माझ्यासमोर एक मायक्रोस्कोप सरकवलात, खाली एक काच ठेवलीत आणि म्हणालात, "यातले गुलाबी गोळे मोज. घाई नाही."

ते परागकण होते. गच्चीवर दोन पत्र्याच्या चकत्यांच्या मधे व्हॅसलिन लावलेली काच दिवसभर ठेवायची, हवेतून येऊन जे चिकटेल त्यावर गुलाबी रंग चढवायचा आणि एकेक कण मोजायचा. तुमचं आयुष्यभराचं काम एवढ्यावर उभं होतं. एक गच्ची सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरची, जिथे तुम्ही आधी राहत होता. दुसरी गाझियाबादच्या तुमच्या फ्लॅटची. कुठल्या महिन्यात कुठल्या झाडाचा पराग हवेत किती असतो हे कळलं की डॉक्टर दम्याच्या पेशंटला आधीच सावध करू शकतात. दिल्लीत होळीच्या आगेमागे ज्याचा पराग सगळ्यात जास्त उडतो त्या झाडाला मी पापडी म्हणायचे, सगळी दिल्ली म्हणते तसं. तुम्ही म्हणायचात, "अगं, आपल्याकडे त्याला वावळा म्हणतात." 'आपल्याकडे' म्हणजे कुठे, हे मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मोजून झाल्यावर मी आकडा सांगायला तोंड उघडलं तर तुम्ही हात वर केलात. "सांगायचा नाही. लिहायचा." चिठ्ठीवर आकडा, चिठ्ठीची घडी, आणि घडी टेबलावरच्या हळदीकुंकवाच्या जुन्या स्टीलच्या डबीत. तीच काच तुम्ही मोजलीत, तुमची चिठ्ठीही डबीत गेली. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही एकदम उघडल्या. प्रत्येक काच दोघांनी मोजायची, एकमेकांचा आकडा बघायचा नाही, फरक दहात एकाहून जास्त आला तर तिसऱ्यांदा मोजायचं. आणि जुनी चिठ्ठी खोडायची नाही. "चुकीचा आकडासुद्धा कुणीतरी मोजलेला असतो," असं तुम्ही म्हणायचात, आणि ती चिठ्ठी बिस्किटांच्या मोठ्या डब्यात जपून ठेवायचात.

शाळेत, कॉलेजात जो आधी हात वर करेल त्याचं बरोबर, असंच मी पाहिलं होतं. माझा हात कधी वर गेला नाही. तुमच्या टेबलावर मात्र मला आवाज न चढवता तुमच्याशी असहमत होता येत होतं. मी फक्त एक आकडा लिहायचा, बाकीचं काम डबी करायची. मी घरी गेले आणि आईला म्हणाले, मला इथेच काम करायचं आहे.

त्या टेबलावर दुसरी खुर्ची साळवेसरांची होती. सर मूळचे नगरचे, गाझियाबादच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि दर गुरुवारी मेट्रोने तुमच्याकडे यायचे. नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा आणायचे आणि वर्षभर भांडण. ते भांडण मी आले तेव्हा अठरा वर्षांचं होतं.

"सुलभाबाई, हा सुरकुतलेला कण तुम्ही सोडलात."

"मेलाय तो, साळवे. जनगणनेत मेलेली माणसं धरतात का?"

"नाकाला काय कळतंय तो मेलाय ते? शिंक येतेच की."

"तुमच्या नाकावर पेपर लिहायचा नाहीये मला."

"बाई, डोळे तपासा एकदा."

"तुम्ही आधी मिशी कापा. काचेवर केस पडतात."

असं म्हणत तुम्ही दोघं परत मोजायला बसायचात. पेपरवर नाव मात्र आळीपाळीने पुढे. एका वेळी तुमचं पहिलं, पुढच्या वेळी त्यांचं. काम कुणी जास्त केलं याची चर्चाच नाही. मी एकदा विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "रोज कोण हिशोब लावत बसणार? पाळी लावली की डोक्याला ताप नाही."

मग तो पुरस्कार आला. तो एकालाच देतात, तसा त्यांचा नियम. समारंभाच्या आदल्या दिवशी तुम्ही मला भाषण वाचून दाखवलंत. पाच पानं होती. चौथं पान सगळं साळवेसरांचं. त्यात मिशीचा विनोदही होता. समारंभात तुम्ही तिसरं पान संपवलंत तेव्हा सूत्रसंचालक वाकून कानाशी काहीतरी म्हणाला. नंतर कळलं, "मैडम, चीफ़ गेस्ट को निकलना है, बस दो मिनट." तुम्ही दोन पानं एकदम उलटलीत. शेवटची चार वाक्यं वाचलीत, टाळ्या झाल्या, आणि तुम्ही आमच्या रांगेकडे बघितलंत. फोटो तेव्हाचा आहे.

सर टाळ्या वाजवत होते. थांबल्यावर त्यांनी निमंत्रणपत्रिकेची घडी घातली, मग परत एक, मग परत एक, ती आणखी दुमडेनाशी होईपर्यंत. परत जाताना मेट्रोत आम्ही शेजारी उभे होतो. "छान बोलल्या बाई," ते म्हणाले. दोन स्टेशनांनंतर म्हणाले, "इंग्रजी सुधारलं त्यांचं." चौथं पान होतं हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. मला वाटलं, हे सांगणारी मी कोण.

खोटं कशाला बोलू, पुरस्काराने आपलं भलंही झालं. माझी फेलोशिप दोन वर्षांनी वाढली ती त्यामुळे. आणखी गच्च्या मिळाल्या. नवा मायक्रोस्कोप आला, दोन माणसांना एकाच वेळी बघता येईल असा, दोन्ही बाजूंना डोळे लावायची सोय असलेला. तुम्ही तो उघडताना लहान मुलीसारख्या हसत होतात. "आता साळव्यांना कण दाखवून दाखवून गप्प करते."

पण त्या दुसऱ्या बाजूला कुणी बसलंच नाही.

आधी मेल वाढल्या. मोठ्या संस्थांतल्या लोकांना तुमच्याबरोबर काम करायचं होतं. काहींना खरंच कामात रस होता. काहींना प्रस्तावावर तुमचं नाव हवं होतं, ते असलं की फाइल अडत नाही म्हणे. तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं. ज्या बाईने पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात उभं राहून गच्चीची किल्ली मागितली, तिच्या दारात लोक उभे राहिल्यावर ती नाही कशी म्हणेल? पेपरवरची नावं दोनाची अकरा झाली. तुम्हीच म्हणालात, "यातले सात जण मला रस्त्यात भेटले तर मी ओळखणार नाही." आपण दोघी हसलो. आळीपाळी मात्र गेली. आता प्रत्येक वेळी तुमचंच नाव पुढे असावं, असं बाकीच्या सगळ्यांनाच वाटत होतं.

एका गुरुवारी सर आले तेव्हा तुम्ही व्हिडिओ कॉलवर होतात. ते बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसले. मी चहा नेऊन दिला. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, काचेच्या दारातून एकदा तुमच्याकडे बघितलं आणि उठले. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "साळवे गेले? थांबले का नाहीत?"

"तुमची मीटिंग होती."

"मग काय झालं? आत यायचं ना, नेहमीसारखं."

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन लॅबच्या नंबरवर आला. "मॅडमना वेळ कधी असेल?" मी ते तसंच तुम्हाला सांगितलं, तशी तुम्ही माझ्या हातातून रिसीव्हर घेतलात. "मॅडम काय म्हणताय, साळवे?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर तुम्ही मायक्रोस्कोपची काच बराच वेळ पुसत होतात. ती स्वच्छ होती.

भांडण झालं असतं तर मिटलं असतं. तुमच्यात भांडण झालंच नाही. गुरुवारचा शुक्रवार झाला, शुक्रवारचा 'महिन्याअखेर बघू' झाला, आणि पुढच्या नाताळात करंज्यांचा डबा कुरियरने आला.

आता मी जे तुम्हाला सांगितलं नाही तिथे येते.

सर यायचे बंद झाले तेव्हा दुसरी चिठ्ठी माझी झाली. तुम्ही डबीचा नियम सोडला नाहीत, हे मी सगळ्यांना सांगते. पण तुम्हाला घाई असायची. विमान, बैठक, कुणाचं तरी उद्घाटन. सकाळी लवकर येऊन तुम्ही काच मोजायचात आणि जाता जाता आकडा सांगून टाकायचात. एकदा म्हणालात, "आज दोनशे दहाच्या आसपास आहे गं, बघ तू." त्या दिवशी माझा आकडा दोनशे चाळीसच्या वर आला. मी परत मोजलं. परत तेवढाच. तिसऱ्यांदा मोजताना मला काही कण फिकट वाटले. मनात म्हटलं, हे सुरकुतलेले असतील, मॅडम सोडतात ते. मी तेवढे सोडले. चिठ्ठीवर दोनशे एकोणीस लिहिलं.

मी मुद्दाम खोटं लिहिलं असं मला तेव्हा वाटलं नाही, मॅडम. मला खरंच ते कण फिकट दिसले. देशाने ज्या डोळ्यांचा सत्कार केला त्यांना जे दिसलं नाही ते मला दिसतंय, हे कुणाला सांगायचं? साळवेसरांना हे अवघड गेलं नसतं. त्यांच्यासाठी तुम्ही सुलभाबाई होतात. माझ्यासाठी तुम्ही भिंतीवरचा फोटो झाला होतात, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

पुढच्या वेळी ते सोपं गेलं. नंतर मला आधी तुमचा आकडा कळल्याशिवाय मोजायलाच जमेना. तुम्ही सांगितला नाहीत तर मी डबी हळूच हलवायचे, तुमची घडी कधीकधी सैल असायची, झाकण उघडलं की आकडा दिसायचा. तीन वर्षं आपल्या चिठ्ठ्या इतक्या जुळल्या की नव्या सहकाऱ्यांपैकी एका प्रोफेसरांनी सादरीकरणात त्याची खास स्लाइड केली. दोन मोजणाऱ्यांमधला असा मेळ आम्ही पाहिलेला नाही, असं ते म्हणाले. हॉलमधले लोक माझ्याकडे बघून हसले. मी पाण्याची बाटली उघडली आणि बंद केली.

त्या आकड्यांवरून आपला शेवटचा पेपर निघाला. पापडीचा पराग गाझियाबादच्या हवेत वर्षागणिक कमी होत चालला आहे, असा. कारणही सगळ्यांना पटलं: सोसायट्या उभ्या राहताहेत, झाडं जाताहेत. माझ्या थीसिसचं तिसरं प्रकरण तेच.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तुम्हाला ऑक्सिजन लावला होता. तुम्ही मास्क बाजूला करून म्हणालात, "ईशा, हल्ली आपले आकडे फार जुळतात. तू चांगली झालीस की मी बिघडले?" तुम्ही हसत होतात, पण उत्तराची वाट बघत होतात. मी तुम्हाला ओळखते. मी म्हणाले, "मास्क लावा मॅडम." नर्स आली. पुढच्या तीन भेटींत आणखी कुणी ना कुणी खोलीत होतं, आणि चौथी भेट झालीच नाही.

तेराव्यानंतर मी तुमच्या घरी गेले तेव्हा काकांनी, तुमच्या यजमानांनी, तुमची पर्स आणि डबी माझ्यासमोर ठेवली. पर्समध्ये डोळ्यांच्या दवाखान्याचं कार्ड होतं. "मोतीबिंदू," काका म्हणाले. "दोन-तीन वर्षं झाली. सगळं फिकट दिसतं म्हणायची आणि चष्मेवाल्याला शिव्या द्यायची. ऑपरेशनची तारीख तीनदा घेतली, तीनदा बदलली. दर वेळी काहीतरी भाषण." मग ते मला म्हणाले, "तुला काही बोलली नव्हती?"

नव्हतात बोलला. आणि बोलायची गरजही पडली नसती. डबीचं कामच ते होतं. मी माझा आकडा लिहिला असता तर पहिल्याच महिन्यात तिसरी मोजणी झाली असती, दुसऱ्या महिन्यात कुणीतरी म्हणालं असतं, बाई, डोळे तपासा. परतीच्या मेट्रोत मला कळलं की पापडी कुठेही गेलेली नाही. तुम्हाला फिकट कण दिसेनासे झाले होते, आणि मी ते बघूनही सोडून दिले होते.

तिसऱ्या दिवशी न कळवता साळवेसरांच्या घरी गेले. सर निवृत्त झालेत, बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांचं, फिकट कणांचं, मोतीबिंदूचं. त्यांनी झारी खाली ठेवली.

"किती काचा?"

"तीन वर्षांतल्या पापडीच्या सगळ्या. जपून ठेवल्यात."

"अच्छा." मग हात पुसत, "तू डबी हलवायचीस?"

"हो."

"मीही हलवायचो. पहिल्या वर्षी. बाईंनी पकडलं आणि महिनाभर चहा दिला नाही."

मला हसू आलं आणि तेवढ्यातच रडूही आलं. मग मी भाषणाचंही सांगून टाकलं. चौथं पान होतं सर, म्हटलं, त्यात तुम्हीच होता. त्यांनी झारी परत उचलली. "माहीत आहे. आदल्या दिवशी फोनवर वाचून दाखवलं होतं मला. म्हणून तर वाट बघत होतो." आणि मग म्हणाले, "पानाचा राग नव्हता गं. नंतर त्यांनी कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही. दोघं शिकलेली माणसं."

मी जायला निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "गुरुवारी येऊ?"

आकडे चुकले आहेत असं नियतकालिकाला कळवून तो शेवटचा पेपर मी मागे घेतला. मी, मॅडम. त्या स्लाइडवाल्या प्रोफेसरांचा, ज्यांना तुम्ही पाठीमागे 'वेळापत्रक' म्हणायचात, अर्ध्या तासात फोन आला.

"बेटा, मैडम अब रही नहीं. उनके नाम पर दाग़ लगाओगी?"

"दाग़ नहीं है सर. गिनती दोबारा हो रही है."

"छोटी-सी बात है यार. बिल्कुल ज़रूरत नहीं. तुम्हारी अपनी थीसिस अटक जाएगी, ये सोचा है?"

"सोचा है. मेरा आँकड़ा ग़लत था सर, मैंने लिखकर दे दिया है."

त्यांना माझा आवाज ओळखीचा नव्हता, मलाही नव्हता. थीसिस अडकली आहे, ते बरोबर म्हणाले. विभागाने खुलासा मागवला, मी दिला. त्यात तुमच्या डोळ्यांबद्दल जेवढं आवश्यक तेवढं आहे आणि माझ्याबद्दल सगळं आहे. अकरापैकी चार जणांनी आपली नावं काढून घ्यायला सांगितलं. तिघांनी विचारलं की मोजायला माणसं हवी आहेत का. म्हणजे नवी माणसं सगळी तशी नव्हती, मॅडम. आपण त्यांना कधी डबी दाखवली नव्हती एवढंच.

तुमच्या नावाची मला काळजी वाटत नाही. खोडलेली एकही चिठ्ठी तुमच्या बिस्किटांच्या डब्यात सापडली नाही. ज्या बाईने आपले चुकलेले आकडे पस्तीस वर्षं जपून ठेवले, तिच्या नावाला आणखी एक चूक पेलेल.

नव्या पेपरवर पहिलं नाव साळवेसरांचं असेल. त्यांनी हात जोडले. "मला खाली कुठेतरी टाक गं, पेन्शनर माणूस." मी म्हटलं, तुमच्या दोघांच्या शेवटच्या पेपरवर मॅडमचं नाव पुढे होतं, आता पाळी तुमची आहे. सुरकुतलेल्या कणांचा वाद मात्र तुमच्यामागे जिंकायला ते तयार नाहीत. ते कण आम्ही वेगळ्या रकान्यात लिहितो, तुमच्या म्हणण्याप्रमाणे एक बेरीज आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुसरी.

आत्तापर्यंत मोजलेल्या जवळजवळ प्रत्येक काचेवर आकडा वर गेला आहे. काम बरंच बाकी आहे, पण मी सांगू शकते. सर दर गुरुवारी यायचे तेव्हा गाझियाबादच्या गच्चीवर पापडी जितकी होती तितकीच आजही आहे.

काल चौथा गुरुवार होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबी उघडली. सरांचे एकशे शहाण्णव. माझे दोनशे एकोणतीस. इतका फरक पहिल्यांदाच आला.

"कोण चुकलं?" सरांनी विचारलं.

"तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाई गेल्या. वाटलं होतं, आता तरी या टेबलावर मला मान मिळेल."

तिसऱ्या मोजणीसाठी मी तुमचा तो नवा मायक्रोस्कोप पुढे ओढला आणि त्याच्या दुसऱ्या बाजूचं प्लास्टिक काढलं. ते पहिल्या दिवसापासून तसंच होतं. सर एका बाजूला बसले, मी दुसऱ्या. एकच काच, एकच उजेड. तो बघ, मोजला का, मोजला सर, हा सुरकुतलेला, रकान्यात टाक. तास गेला. काचेच्या कडेची एक पट्टी मी दोनदा मोजली होती.

चूक माझीच निघाली, मॅडम. चिठ्ठी डब्यात ठेवली आहे, दोनशे एकोणतीस, खोडलेली नाही.